चावी फिरवताच फॅन सुरू: बटण बसवण्याआधी हे पाहा

वाचकाचं पत्र

नमस्कार. आमची २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे. यंदाचा पाऊस संपत आला तेव्हापासून गाडीच्या रेडिएटरचा फॅन चावी फिरवली की लगेच फुल स्पीडने सुरू होतो. इंजिन सुरूही केलेलं नसतं. सकाळच्या गारठ्यातसुद्धा तेच. चावी काढली की थांबतो. एसी आम्ही जवळजवळ लावतच नाही. टेंपरेचरची सुई बहुतेक वेळा तळालाच असते आणि इंजिनचा पिवळा दिवा मधूनच लागतो, मधूनच जातो. पूर्वी सतराचं अॅव्हरेज मिळायचं, आता तेरावर आलंय. वडील म्हणतात, फॅन चालतोय ते बरंच आहे, इंजिन थंड राहील. ओळखीच्या मिस्त्रींनी सांगितलं की थर्मोस्टॅट काढून टाकूया आणि फॅनची वायर तोडून डॅशबोर्डवर बटण देतो, पाहिजे तेव्हा लावा. रेडिएटरमध्ये आम्ही घरच्या विहिरीचं पाणी घालतो. भाऊबीजेला चोर्ला घाटातून म्हापशाला ताईकडे जायचं आहे. बटण बसवून जाऊ का?

उत्तर

नमस्कार. बटण बसवू नका आणि थर्मोस्टॅटलाही, म्हणजे इंजिन आणि रेडिएटरमधल्या पाण्याच्या झडपेलाही, हात लावू देऊ नका. भाऊबीजेला अजून वेळ आहे आणि तुमच्या पत्रातल्या खुणा इतक्या स्पष्ट आहेत की बहुधा एका सकाळीच दोष सापडेल.

फॅन आपल्या मनाने फिरत नाही, त्याला कोणीतरी हुकूम दिलेला असतो. तुमच्या गाडीत तो हुकूम इंजिनचा कंप्युटर देतो, म्हणजे मिस्त्री ज्याला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात तो. इंजिनच्या पाण्यात एक छोटा सेन्सर बुडालेला असतो. पाणी किती तापलं ते तो कंप्युटरला कळवतो, कंप्युटर रिलेला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचला, हुकूम देतो आणि रिले फॅन चालू करते. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत फॅन साधारण ९५ ते १०० अंशांना लागतो आणि ९० च्या आसपास थांबतो. रात्रभर अंगणात उभ्या असलेल्या गाडीचं पाणी सकाळी वीस-बावीस अंशांवर असतं. तेव्हाही फॅन लागतो, याचा अर्थ हुकूमच चुकीचा निघतोय. तो कुठून निघतोय हे शोधणं एवढंच काम आहे. बटण बसवल्याने फॅन तुमच्या हातात येईल, पण चुकीचा हुकूम देणारा आत तसाच राहील.

तुम्ही सहज लिहिलेल्या दोन गोष्टी माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाच्या आहेत: सुई तळाला असते आणि अॅव्हरेज पडलंय.

फॅनची मोटर दीडशे वॅटच्या आसपासची असते. ती दिवसभर फिरली तरी अल्टरनेटरवर थोडा जास्त बोजा पडेल, पेट्रोलचा दोन-तीन टक्के फरक पडेल. सतराचं तेरा म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा गेला, एवढं एकटा फॅन खाऊ शकत नाही. पेट्रोल जातंय ते कंप्युटरला इंजिन थंड आहे असं वाटतंय म्हणून. थंड इंजिनला तो जास्त पेट्रोल सोडतो, जुन्या गाड्यांत सकाळी चोक ओढायचे तसंच. तापलेल्या इंजिनमध्येही तोच जादा डोस चालू राहिला की अॅव्हरेज पडतं, प्लग काळे होतात आणि पुढे सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही खराब होतो. तो पार्ट महाग आहे.

आता तुम्ही म्हणाल, कंप्युटरला इंजिन थंड वाटतंय तर तो फॅन कशाला लावेल? ही या दोषाची खरी खूण आहे. सेन्सरकडून येणारा निरोप तुटला, म्हणजे आतला सेन्सर गेला, वायर तुटली किंवा कनेक्टरमध्ये पाणी जाऊन पिना गंजल्या, तर कंप्युटरला उणे चाळीस अंश असं अशक्य माप दिसतं. जांबोटीत एवढी थंडी पडत नाही हे कंप्युटर बनवणाऱ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे असं माप आलं की कंप्युटर सेन्सरवरचा विश्वास सोडतो, पिवळा दिवा लावतो आणि इंजिन जळू नये म्हणून फॅन कायमचा चालू ठेवतो. सुई तळाला, दिवा पिवळा, फॅन फुल आणि अॅव्हरेज कमी: चारही खुणा एकाच ठिकाणी बोट दाखवतात. तुमच्याकडे हे पावसाळ्यानंतर सुरू झालं, तेही या अंदाजाला धरूनच आहे. जांबोटी-कणकुंबीचा पट्टा जिल्ह्यातल्या सगळ्यात जास्त पावसाचा. त्या ओलाव्यात कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढणं अगदी नेहमीचं आहे.

तरीही अंदाजावर पार्ट विकत घेऊ नका. आधी पुढची तपासणी करा. यातलं बरंचसं घरीच होतं.

पहिलं काम पाण्याचं. सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, रेडिएटरला जोडलेल्या पाण्याच्या छोट्या टाकीतली पातळी मिन आणि मॅक्सच्या खुणांमध्ये आहे का बघा. मग रेडिएटरचं झाकण उघडून आत पाणी काठोकाठ आहे का ते बघा. गाडी तापलेली असताना ते झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. पाणी कमी असेल तर सेन्सर पाण्याऐवजी वाफेत लटकतो आणि काहीही माप दाखवतो. अशा वेळी सेन्सर नवा घातला तरी फरक पडत नाही. पातळी वारंवार उतरत असेल तर आधी गळती शोधावी लागेल, बाकी सगळं नंतर.

मग एसी. पत्रात तुम्ही एसी लावत नाही असं म्हटलंय, तरी बटण खरंच बंद आहे ना ते पाहा. बऱ्याच गाड्यांत समोरच्या काचेवरचं धुकं घालवायचा मोड ठेवला की एसी आपोआप सुरू होतो आणि एसीबरोबर फॅन लागतो, ते बरोबरच आहे. एसीच्या गॅसचा दाब मोजणारा सेन्सर बिघडला तरी काही गाड्या फॅन चालू ठेवतात. तुमच्या बाबतीत मला ती शक्यता कमी वाटते, कारण त्याने सुई खाली पडत नाही.

आता मुख्य तपासणी. भारतात एप्रिल २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवायची यंत्रणा, सक्तीचं झालं, त्यामुळे तुमच्या २०१४ च्या गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट असणार. त्यात स्कॅनर लावला की कंप्युटरला काय दिसतंय ते आपल्यालाही दिसतं. गावात स्कॅनर नसेल तर बेळगावात ऑटो नगर किंवा उद्यमबागच्या बाजूला चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा. मोबाइलला जोडायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनरही मिळतो, तुमच्यासारख्या रोज गाडी वापरणाऱ्या घरात तो असावा असं माझं मत आहे.

स्कॅनरवर आधी दोषाचे कोड वाचा आणि कागदावर लिहून ठेवा. मगच कोणी पुसू दे. पी०११८ आला तर सेन्सरचा निरोप तुटलेला आहे. पी०११७ आला तर उलट, वायर कुठेतरी शॉर्ट आहे आणि कंप्युटरला इंजिन भयंकर तापलेलं दिसतंय. पी०११५ म्हणजे त्याच सर्किटमध्ये काहीतरी बिघाड. पी०४८० आला तर शोध सेन्सरकडे न नेता फॅनच्या रिलेकडे आणि तिच्या वायरीकडे न्यायचा.

कोडपेक्षाही बोलकी एक तपासणी आहे. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवा आणि स्कॅनरच्या लाइव्ह डेटात कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान पाहा. त्याच पडद्यावर इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमानही दिसतं. थंड गाडीत हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असायला हवेत. हवा २१ आणि कूलंट २२ दिसलं तर सेन्सर निर्दोष आहे, दोष पुढे आहे. हवा २१ आणि कूलंट उणे ४० दिसलं तर तुमचा चोर तिथेच सापडला.

सापडला म्हणजे नक्की काय, सेन्सर की वायर? बहुतेक लोक इथे थेट सेन्सर बदलतात आणि दोष वायरीत असला तर पैसे वाया जातात. तुमच्या गाडीत दोन पिनांचा सेन्सर असेल तर इलेक्ट्रिशियनला सांगा की कनेक्टर काढा आणि वायरीच्या बाजूच्या दोन पिना क्षणभर एका तुकड्याने जोडून बघा. स्कॅनरवरचा आकडा उणे चाळीसवरून एकदम शंभराच्या पुष्कळ वर उडाला, तर वायर आणि कंप्युटर दोन्ही ठीक आहेत, सेन्सर गेलाय. आकडा हललाच नाही तर वायर कुठेतरी तुटली आहे. तेव्हा सेन्सर विकत घेण्याआधी वायर तपासा. भाताच्या कापणीच्या दिवसांत शेताजवळच्या घरांत उंदीर इंजिनच्या उबेला येऊन बसतात आणि वायरी कुरतडतात. बॅटरीच्या मागच्या आणि एअर फिल्टरखालच्या वायरी हात लावून बघाव्यात, नुसत्या नजरेला कुरतडलेलं दिसत नाही.

मल्टिमीटर असेल तर सेन्सर थेटही मोजता येतो. तापमान वाढलं की याचा रेझिस्टन्स कमी होतो. गार असताना दोन-तीन किलो ओहमच्या घरात, इंजिन तापल्यावर तीनशे ओहमच्या आसपास, असं बऱ्याच गाड्यांत सापडतं. गाडीगणिक आकडा बदलतो, म्हणून एका आकड्यावर निर्णय घेऊ नका. गारपासून गरमपर्यंत तो सलग उतरत गेला पाहिजे, मध्येच तुटला नाही पाहिजे. काढलेला सेन्सर पातेल्यातल्या पाण्यात धरून तापवून पाहणारे मिस्त्रीही आहेत, आणि ती पद्धत चांगली आहे. फक्त बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर असल्यामुळे इथे उघड्या भांड्यात पाणी शंभरला न उकळता ९७ अंशांच्या आसपासच उकळतं, एवढं ध्यानात ठेवायचं.

स्कॅनरवर तापमान बरोबर निघालं तर रिलेकडे वळा. बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो, त्यात फॅनची रिले शोधा. फॅन चालू असताना ती उपटली आणि फॅन थांबला, तर दोष रिलेत किंवा तिला हुकूम देणाऱ्या वायरीत. त्याच नंबरची दुसरी रिले, बहुधा हॉर्नची, तिथे बसवून बघा. फॅन नीट वागू लागला तर जुन्या रिलेचे आतले पॉइंट चिकटले होते, नवी घ्या आणि विषय संपला. नव्या रिलेनेही फॅन चालूच राहिला तर रिलेपासून कंप्युटरकडे जाणारी वायर कुठेतरी सोलली जाऊन बॉडीला लागत असावी. बहुतेक गाड्यांत कंप्युटर त्या वायरीला अर्थिंग देऊन, म्हणजे ती बॉडीला जोडून, रिले ओढतो, त्यामुळे वायर बॉडीला टेकली की रिलेला तो हुकूमच वाटतो. हे शोधायला वेळ लागतो, ते इलेक्ट्रिशियनवर सोडा. रिले उपटूनही फॅन फिरत राहिला तर पुढच्या वायरीत कुठेतरी सरळ करंट शिरलाय किंवा आधी कोणीतरी जोडजोड करून ठेवली आहे.

हे सगळं करताना एक काळजी घ्या. चावी बंद असली तरी काही गाड्यांत फॅन अचानक फिरू लागतो. घरातली माणसं वाकून बघतात, ओढणी, पदर किंवा लहान मुलाचा हात तिथे जाऊ शकतो. वायरीत हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट. इंजिन बंद केल्यावर फॅन दोन-चार मिनिटं फिरून थांबत असेल तर काही गाड्यांत ते मुद्दाम तसंच ठेवलेलं असतं, घाबरू नका. पण चावी काढून तास झाला तरी फॅन फिरतोय, तर रिले चिकटलेली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. अशा फॅनला बारा-तेरा अँपिअर लागतात, लहान गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन तासांच्या आत झोपते. त्या रात्री रिले काढून ठेवा आणि सकाळी गाडी सुरू करण्याआधी आठवणीने परत बसवा.

आता मिस्त्रींच्या बटणाबद्दल. ते मनाचं काही सांगत नाहीत, ही युक्ती आपल्याकडे खूप वर्षं चालत आली आहे आणि जुन्या साध्या गाड्यांत तिने लोकांना घरीही पोचवलंय. पण तुमच्या गाडीत तिने तीन तोटे होतील. बटण लावायचं विसरलात तर घाटात इंजिन तापेल आणि सुई आधीच आंधळी असल्याने कळणारही नाही. रिलेशिवाय, बारीक वायरीने बारा-तेरा अँपिअर डॅशबोर्डमधून फिरवले तर वायर वितळून आग लागू शकते. आणि कंप्युटरला खरं तापमान कळत नाही तोवर पेट्रोल तसंच जळत राहणार. वायर तोडून तुमचा एकही प्रश्न सुटत नाही.

थर्मोस्टॅट काढण्यालाही माझा ठाम विरोध आहे. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो आणि इंजिन लवकर तापवून त्या पातळीवर धरून ठेवतो. तो काढला की इंजिन, विशेषतः थंडीत आणि उतारावर, कधी पूर्ण तापतच नाही. ऑइल नीट पातळ होत नाही, झीज वाढते, अॅव्हरेज आणखी पडतं. वडिलांचं म्हणणं की फॅन चालला तर इंजिन थंड राहील, त्यामागची काळजी खरी आहे. पण इंजिनला फार थंड राहणंही सोसत नाही. आणि थर्मोस्टॅट जागेवर असेल तर फॅन सतत फिरला तरी इंजिन आपली उष्णता धरून ठेवतं, एवढं त्यांना आवर्जून सांगा.

विहिरीच्या पाण्याबद्दल वडिलांशी थोडं बोलावं लागेल. पिण्याला गोड असलेल्या पाण्यातही क्षार असतात. ते तापून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि सेन्सरच्या टोकावर थर धरतात, आणि नुसत्या पाण्याने आतला लोखंडी भाग गंजतो. आत तांबूस पाणी निघालं तर पूर्ण रिकामं करून, स्वच्छ धुऊन, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं भरा. रेडीमिक्स घेतलं तर त्यात पाणी घालू नका. भरताना आत हवा राहू देऊ नका, हवेचा बुडबुडा सेन्सरजवळ अडकला की पुन्हा खोटं माप सुरू. जुनं कूलंट अंगणात किंवा गटारात सोडू नका. ते चवीला गोड लागतं, कुत्री आणि गुरं चाटतात आणि त्या विषाने मरतात.

रेडिएटरची जाळीही एकदा बघून घ्या. खानापूरची लाल माती आणि ऊस वाहतुकीच्या दिवसांतला पाचटाचा कचरा तिथे घट्ट बसतो. हलक्या धारेने, शक्यतो इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुवा. जोराच्या प्रेशरने पाती दुमडतात.

स्कॅनरवर गाडी चालवल्यानंतर कूलंट खरोखर १०० च्या वर जाताना दिसलं, तर मात्र माझं वरचं बरंच बाजूला ठेवा. मग फॅन बरोबर आहे आणि इंजिनच तापतंय. त्याची कारणं वेगळी: अडकलेला थर्मोस्टॅट, वॉटर पंप, झाकण, तुंबलेला रेडिएटर, हेड गॅस्केट. ऑइल दुधाळ झालं असेल किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.

भाऊबीजेचं काय? सेन्सर किंवा वायर दुरुस्त होऊन सुई पुन्हा मधोमध उभी राहू लागली, तर आनंदाने जा. जाण्याआधी बेळगावपर्यंत एक फेरी मारा आणि सुई चढते का, फॅन मधूनच लागून थांबतो का, ते पाहा. पार्ट वेळेत मिळाला नाही तर चोर्ल्याने या गाडीतून जाऊ नका. सपाट रस्त्याने बेळगावला कामाला जाणं वेगळं, फॅन चालू असल्याने त्यात धोका कमी आहे. पण परतताना साखळीवरून घाट चढायचा म्हणजे गाडी माणसांनी भरलेली, दुसरा-तिसरा गिअर, वेग कमी. त्यात पाइप फुटला तर तळाला पडलेली सुई तुम्हाला काहीच सांगणार नाही, आणि मधल्या जंगलात मोबाइलची रेंजही भरवशाची नाही. बेळगावहून गोव्याला कर्नाटकच्या एसटी आणि गोव्याच्या कदंबाच्या बस आहेत, या वर्षी ताईकडे बसने गेलात तरी ओवाळणी तीच.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसून घ्या, नाहीतर जुना दिवा बघून पुन्हा धास्ती वाटेल. आठवड्याभरात अॅव्हरेज सतराच्या जवळ आलं नाही तर प्लग आणि ऑक्सिजन सेन्सर तपासायला लागतील. इतके दिवस जादा पेट्रोलवर चाललेल्या इंजिनमध्ये ते काळे पडलेले असू शकतात. कोड कुठला निघाला आणि सकाळी लाइव्ह डेटात काय दिसलं, हे दोन आकडे मला जरूर लिहून कळवा, वायरीचा दोष निघाला तर पुढची दिशा त्यावरून सांगता येईल.